शब्दार्थपाठाचें खूळ

विद्येच्या नांवाखालीं आमच्याकडे जे अनेक निष्फळ विधि मोठ्या भक्तिभावानें चालविले जातात, त्यांत इंग्रजी शब्दांचे अर्थ पाठ करण्याच्या विधीस अग्रपूजेचा मान दिला पाहिजे. हा विधि असा. एक शंभर पानी वही घ्यावयाची. प्रत्येक पानावर पट्टीनें दोन उभ्या रेघा ओढून तीन रकाने करावयाचे. पहिल्यांत इंग्रजी शब्द, दुसऱ्यांत त्याचा देवनागरी उच्चार आणि तिसऱ्यांत त्याचा 'अर्थ' लिहावयाचा. रोज दहा शब्द. सकाळीं ते शाळेंत म्हणून दाखवावयाचे, सायंकाळीं घरीं वडिलांनीं अगर थोरल्या भावानें ते विचारावयाचे, आणि आठवड्याच्या शेवटीं त्यांची परीक्षा व्हावयाची. मुलानें तिसरा रकाना न अडखळतां म्हटला कीं त्यास इंग्रजी येऊं लागलें असें समजून घरांतील सर्व मंडळी समाधानानें जेवावयास बसतात. आमचें म्हणणें असें आहे कीं, या विधीनें इंग्रजी तर येत नाहींच, पण मुलाजवळ जें मराठी असतें तेंहि त्यायोगें कवडीमोल ठरतें. आणि ज्या घरांत पुस्तकांचें कपाट नाहीं त्या घरच्या मुलाचें नुकसान सर्वांत अधिक होतें.

हें आम्ही पुण्यामुंबईच्या दिवाणखान्यांत बसून केवळ तर्कानें लिहीत नाहीं. बीड जिल्ह्यांतील शिरूर कासार येथें जाण्याचा प्रसंग आम्हांस आला होता. शिरूर नांवाचीं गांवें महाराष्ट्रांत पुष्कळ. घोडनदीचें शिरूर निराळें, लातूरकडील शिरूर अनंतपाळ व शिरूर ताजबंद हीं निराळीं. हें शिरूर सिंदफणा नदीच्या कांठचें, १९९९ सालीं तालुक्याचें ठिकाण झालेलें, आणि कासार या उपपदानें इतर शिरुरांपासून वेगळें ओळखलें जाणारें. तेथें आठवींत शिकणाऱ्या एका मुलीची वही आम्हीं पाहिली. अक्षर मोत्यासारखें होतें. रेघा अशा सरळ कीं पाहणाऱ्याला कौतुक वाटावें. वहींत 'ब्रॉन्झ' हा शब्द होता व त्यापुढें अर्थ होता 'कांस्य'. कांस्य म्हणजे काय असें आम्हीं सहज विचारलें. मुलगी क्षणभर थांबली आणि म्हणाली, "ब्रॉन्झ."

हें उत्तर ऐकून हंसणारा मनुष्य उतावळा म्हटला पाहिजे, कारण तें अगदीं बरोबर आहे. वहीनें तिला जेवढें सांगितलें होतें तेवढें तिनें आम्हांस सांगितलें. पण त्याच घरांत एक काशाची वाटी होती. उन्हाळ्यांत तळपायांची आग होऊं लागली म्हणजे आजी तळव्यांस तूप लावून ती वाटी घासते, आणि वाटी काळी पडली कीं अंगांतली उष्णता निघाली असें मानते. ही वाटी मुलीस ठाऊक, 'काशाची' हा शब्द तिच्या कानांतला, आणि गांवाच्या नांवांतला 'कासार' तर 'कांस्यकार' या शब्दाचाच वंशज. म्हणजे ब्रॉन्झ या शब्दास बसावयाला त्या घरांत पाट मांडून ठेवलेला होता. वहीनें काय केलें? एक इंग्रजी पाहुणा आणि एक संस्कृत पाहुणा यांची परस्परांशीं ओळख करून दिली आणि घरच्या माणसाला दाराबाहेर उभें केलें.

त्याच वहींत चार पानें पुढें 'टिन' हा शब्द होता. अर्थ, 'पत्र्याचा डबा'. आतां तांबें आणि कथील एकत्र वितळविलें म्हणजे कांसें होतें, तांबें आणि जस्त यांचें पितळ होतें, आणि पितळेच्या भांड्यास आंतून कल्हई करतांना कल्हईवाला जें कथील नवसागराबरोबर फिरवितो तेंच इंग्रजांचें टिन. हें सर्व ज्ञान पूर्वीं कासार-तांबटांच्या आळींतून जाणाऱ्या प्रत्येक मुलाच्या डोळ्यांवरून जात असे, आणि अजून पुष्कळ घरांतल्या आजीला तोंडपाठ आहे. 'ब्रॉन्झ', 'टिन', 'कॉपर', 'झिंक', 'ब्रास' हे पांच शब्द काशाच्या एका वाटीभोंवतीं अर्ध्या तासांत शिकवितां आले असते व जन्मभर विसरले नसते. वहीच्या तिसऱ्या रकान्यांत मात्र 'कांस्य' आणि 'पत्र्याचा डबा' अशीं दोन टोकें. त्यांचा परस्परांशीं संबंध काय, हें ब्रह्मदेवासहि सांगतां येणार नाहीं.

दुसरें उदाहरण थोडक्यांत देतों. 'फेअर' या शब्दाचा वहींतला अर्थ 'गोरा'. खालीं कंसांत 'जत्रा'. गांवांतल्या राशनच्या दुकानाला सरकारी इंग्रजींत 'फेअर प्राइस शॉप' म्हणतात. जुन्या मराठी फलकांवर त्याचें 'रास्त भाव दुकान' असें नेमकें भाषांतर असे, कारण 'रास्त' म्हणजे जें वाजवी, जें न्यायाचें तें. पुढें तें 'स्वस्त धान्य दुकान' झालें आणि न्याय जाऊन स्वस्ताई आली! दर महिन्यास त्या दुकानापुढें पिशवी घेऊन रांगेंत उभ्या राहणाऱ्या मुलीस 'फेअर' म्हणजे गोरा असें शिकविणें, आणि आपल्या हक्काचा शब्द तिच्या हातीं न देणें, याला काय म्हणावें तें वाचकांनींच ठरवावें.

एका शब्दास एक अर्थ ही समजूत आली कोठून? कोशांमुळें आली असें पुष्कळांस वाटतें, पण तें खरें नाहीं. मोल्सवर्थ साहेबांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीं मुंबईस प्रसिद्ध झाला. कँडी बंधूंचें व कित्येक शास्त्रीमंडळींचें त्यांस साह्य होतें. १८५७ सालीं त्याची वाढविलेली दुसरी आवृत्ति निघाली, आणि तींतील शब्दांची संख्या साठ हजारांच्या घरांत गेली. हा कोश ज्यानें एकदां चाळला आहे त्यास ठाऊक आहे कीं मोल्सवर्थ एका शब्दास एक शब्द देऊन कधींच मोकळे होत नाहींत. शब्द कोण वापरतो, कशास वापरतो, थट्टेनें कीं आदरानें, कोंकणांत कीं देशावर, कोणत्या म्हणींत तो येतो, हें ते सांगत बसतात. एकेका साध्या क्रियापदास रकानेच्या रकाने देतात. इंग्रजी-मराठी कोश १८४७ सालीं कँडी यांनीं पुरा केला, त्यांतहि एका इंग्रजी शब्दापुढें मराठी शब्दांची रांगच उभी असते. या साहेबलोकांचा हेतु राज्य चालविण्याचा होता, तेव्हां त्यांची आरती ओवाळण्याचें आम्हांस कारण नाहीं. पण एक गोष्ट कबूल केली पाहिजे. कोश करणारा साहेब रयतेला विचारीत होता, "तुम्ही याला काय म्हणतां?" प्रश्न गांवांतून निघून कोशांत जात होता. आमची वही कोशांतून, तीहि कोशाच्या कोणत्या तरी गाळलेल्या व आटविलेल्या नकलेंतून, उत्तर उचलते आणि गांवाला सांगते, "याला हें म्हणावयाचें." परक्यानें जें विचारलें तें आपल्या माणसानें विचारूं नये, ही मोठी चमत्कारिक गोष्ट आहे.

आतां एका अशा शब्दाकडे वळूं कीं ज्याचा अर्थ शिरूर कासारच्या मुलांस शिकविण्याची कोणासहि गरज नाहीं. तो शब्द म्हणजे दुष्काळ. वहींत तो दोन ठिकाणीं होता: 'ड्रॉट', अर्थ दुष्काळ, 'फॅमिन', अर्थ दुष्काळ. 'स्केअर्सिटी' या शब्दापुढें 'कमतरता' असें होतें. तीनहि उत्तरांस परीक्षेंत पूर्ण गुण मिळतील. आणि तीनहि उत्तरांनीं मुलीची दिशाभूल झालेली आहे.

'ड्रॉट' हा इंग्रजींत 'ड्राय', म्हणजे कोरडें, या शब्दाच्या घराण्यांतला. पाऊस नाहीं, ओल नाहीं, एवढेंच तो सांगतो; माणसें जेवतात कीं उपाशी आहेत याविषयीं तो मुका असतो. 'फॅमिन' हा भुकेचा शब्द. आभाळाकडे तो पाहत नाहीं. माणसाच्या पोटाकडे पाहतो. १९४३ सालीं बंगाल्यांत लक्षावधि माणसें अन्नावांचून मेलीं. ती फॅमिन होती, पण अवर्षण हें तिचें कारण नव्हतें. आमचा दुष्काळ या दोहोंहून निराळा. तो आभाळाला नांव ठेवीत नाहीं कीं पोटाला ठेवीत नाहीं. तो काळाला नांव ठेवतो. वाईट काळ आला, मग तो कोरडा असो, ओला असो, धान्याचा असो वा वैरणीचा असो. इतका मोठा शब्द इंग्रजांजवळ नाहीं, आणि त्यांच्याजवळचे दोन बारीक शब्द आमच्याजवळ नाहींत. यांत उणेंअधिक कांहीं नाहीं; दोन लोकांनीं दोन रीतींनीं आपलें दुःख मोजलें, इतकेंच.

परंतु हा केवळ व्युत्पत्तीचा विनोद आहे असें कोणीं समजूं नये. शब्दाच्या अर्थावर येथें माणसांचे प्राण अवलंबून राहिलेले आहेत. १८८० च्या फॅमिन कमिशननंतर इंग्रज सरकारनें निरनिराळ्या प्रांतांसाठीं फॅमिन कोड तयार केले. अमुक लक्षणें दिसलीं कीं कामें काढावीं, अन्नाची सोय करावी, असें त्यांत लिहून ठेवलें होतें. म्हणजे 'फॅमिन' या शब्दाचा उच्चार झाला कीं सरकारच्या अंगावर कर्तव्य येऊन पडत असे. पुढें स्वराज्य आलें, संयुक्त महाराष्ट्र झाला, आणि १९६३ सालीं आपल्या विधिमंडळानें एक कायदा केला. राज्यास लागू असलेल्या निरनिराळ्या कायद्यांतून 'फॅमिन' ही संज्ञा वगळण्याचा तो कायदा! तिच्या जागीं 'स्केअर्सिटी' ही संज्ञा आली. मराठी कचेरींत तिला 'टंचाई' म्हणूं लागले. या राज्यांत यापुढें कोणास उपाशी मरूं द्यावयाचें नाहीं, सबब त्या शब्दाचें काम उरलें नाहीं, अशी त्यामागील भूमिका मांडतां येते, आणि ती सर्वस्वीं खोटी होती असें आम्ही म्हणत नाहीं. पण नऊ वर्षांनीं १९७२ साल उजाडलें. खडी फोडण्याच्या कामांवर गेलेलीं आणि सुकडी खाऊन दिवस काढलेलीं माणसें मराठवाड्यांत अजून आहेत, आणि आपल्या मुलाबाळांचीं वयें तीं 'बहात्तरच्या दुष्काळा'वरून सांगतात. 'बहात्तरची टंचाई' असें त्यांपैकीं कोणाच्याहि तोंडून आम्हीं ऐकिलेलें नाहीं.

आणखी अलीकडील गोष्ट घ्या. २०२५ च्या सप्टेंबरांत मराठवाड्यांत अतिवृष्टि झाली. सिंदफणेनें पात्र सोडलें. उभीं पिकें गेलीं, कित्येकांची जमीनच खरवडून गेली. शेतकरी म्हणूं लागले, "ओला दुष्काळ जाहीर करा." त्यावर सरकारचें म्हणणें असें पडलें कीं नियमावलींत 'ओला दुष्काळ' अशी संज्ञाच नाहीं, दुष्काळाच्या वेळीं ज्या सवलती देतात त्या मात्र देऊं. त्या सवलती कोणास किती पोंचल्या हा प्रश्न महत्त्वाचा असला तरी आजच्या लेखाचा नव्हे. आम्हांस विचार करावासा वाटतो तो त्या उत्तराच्या पहिल्या अर्ध्याचा. ही नियमावलि मुळांत 'ड्रॉट'ची आहे. केंद्र सरकारनें २०१६ सालीं जी दुष्काळ-संहिता केली तिचीं मापें पहा: पावसाची तूट, जमिनींतील ओल, पिकांची स्थिति, जलाशयांतील सांठा. सगळीं मापें कोरडेपणाचीं. आणि इंग्रजी शब्द मनांत धरून तीं केलेलीं असल्यामुळें तसें होणें क्रमप्राप्तच आहे. 'ओला ड्रॉट' हा इंग्रजींत वदतोव्याघात होय. 'ओला दुष्काळ' ही मराठींत रोखठोक, डोळ्यांसमोरची वस्तु आहे. शेतकरी दुष्काळ हा शब्द मराठींत बोलत होता, कचेरी तोच शब्द इंग्रजींत ऐकत होती, आणि दोघांच्या मध्यें 'ड्रॉट म्हणजे दुष्काळ' हें वहीचें वाक्य उभें होतें.

आम्हीं पाहिलेल्या वहीची मालकीण उद्यां तलाठी होईल, तहसीलदार होईल. व्हावी अशीच आमची इच्छा आहे. तेव्हां तिच्यापुढें शेतकऱ्याचा अर्ज येईल आणि वरून आलेलें इंग्रजी परिपत्रकहि येईल. दोहोंत अंतर आहे हें तिला कळावें, एवढें तरी तिच्या इंग्रजीनें तिला दिलें पाहिजे कीं नको?

शिरूर कासार, पाटोदा, आष्टी, धारूर हा सगळा डोंगराकडचा मुलूख ऊसतोडीस जाणाऱ्या लोकांचा आहे. दसरा-दिवाळी झाली कीं टोळ्या निघतात. पश्चिम महाराष्ट्रांत, कर्नाटकांत साखर-कारखान्यांच्या फडांवर पांचसहा महिने राहतात. नवराबायको मिळून एक 'कोयता' धरतात, आणि कोयत्यामागें मुकादमाकडून जी रक्कम आधीं घेतलेली असते तिला 'उचल' म्हणतात. हंगामभर ऊस तोडून ती फेडावयाची. फिटली नाहीं तर पुढच्या हंगामावर चढते. आतां 'ॲडव्हान्स' या शब्दाचा वहींतला अर्थ पहा: 'प्रगति करणें, पुढें जाणें'. ज्या मुलीच्या आईबापांनीं ॲडव्हान्स घेतला आहे, आणि त्यामुळेंच ज्यांस पुढें जातां येत नाहीं, त्या मुलीनें हें वाक्य पाठ करून म्हणावयाचें! आम्हीं हा योगायोग अतिशयोक्तीसाठीं रचलेला नाहीं. वहींत शब्द आहे, घरांत वस्तु आहे, आणि दोहोंची गांठ घालून देणारा कोणी नाहीं.

आणि गांठ घातली असती तर किती मौज होती! 'ॲडव्हान्स' या शब्दाच्या मुळाशीं लॅटिन भाषेंतला 'आधीं, पुढें' या अर्थाचा शब्द आहे. 'मुकादम' हा अरबी शब्द. त्याचाहि मूळ अर्थ पुढें केलेला, पुढें ठेवलेला माणूस असाच. पुढें असलेला माणूस पुढची रक्कम देतो, आणि घेणारा मात्र तिला मराठींत 'उचल' म्हणतो, कारण त्याच्या दृष्टीनें ती ओझ्यासारखी उचलावयाची असते. शिरूर कासार १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होतें. कचेरीची भाषा पिढ्यान् पिढ्या आधीं फारसी व मग उर्दू होती. मुकादम, हंगाम, तहसील, जमीन, तारीख, वकील हे शब्द त्या मुलुखांत कोणी तीन रकाने आंखून पाठ केले नव्हते. व्यवहारांतून ते आले आणि अर्थासह आले. तसेच आज टँकर, बोअर, ट्रॅक्टर, डेपो हे इंग्रजी शब्द आलेले आहेत. टँकर म्हणजे काय हें उन्हाळ्यांत हंडा घेऊन धांवणाऱ्या मुलाइतकें ऑक्सफर्डच्या कोशकारासहि ठाऊक नसेल. मुलांजवळ इंग्रजी शब्दांचें हें जें स्वकष्टार्जित भांडवल आहे त्यास शाळेची वही हातहि लावीत नाहीं. कां, तर तीं 'गांवठी' झालेलीं आहेत!

आमच्याविरुद्ध तीन आक्षेप येतील हें आम्ही जाणून आहों.

पहिला आक्षेप परीक्षेचा. परीक्षेंत अर्थ विचारतात, म्हणून मुलें अर्थ पाठ करतात. हें अर्धेंच खरें आहे. पाठ्यपुस्तकांत चित्रें असतात, गोष्टी असतात, शब्द वाक्यांतून ओळखावा असे प्रश्न असतात. तीं पुस्तकें शब्दांची यादी घोका असें सांगत नाहींत. यादी घालतें तें बाजारचें मार्गदर्शक, आणि तें विकत आणून मुलाच्या हातीं देतों आपण. दहावीनंतरहि हें थांबत नाहीं. स्पर्धापरीक्षांसाठीं समानार्थी व विरुद्धार्थी शब्दांचे ठोकळे निघालेले आहेत, आणि त्यांविषयीं न बोललेलेंच बरें.

दुसरा आक्षेप परंपरेचा. आमच्या पूर्वजांनीं अमरकोश पाठ केला, रूपावलि पाठ केली, त्यांचें काय बिघडलें? कांहींच नाहीं; पण अमरकोश उघडून तर पहा. त्यांत एका परक्या शब्दापुढें एक घरचा शब्द असा हिशेब नाहीं. भूमिवर्ग, पुरवर्ग, वनौषधिवर्ग, वैश्यवर्ग असे वर्ग आहेत; शेत, नांगर, धान्य, गाय, धातु यांचीं नांवें एकमेकांच्या शेजारीं, जशीं जगांत असतात तशीं, छंदांत बसविलेलीं आहेत. तें पाठ करणारा विद्यार्थी वस्तूंचा संसारच्या संसार पाठ करीत असे, आणि त्यामागोमाग काव्य वाचावयास घेत असे. आमची वही वर्णक्रमानेंहि नाहीं कीं विषयक्रमानेंहि नाहीं. तींत 'ब्रॉन्झ' नंतर 'बटरफ्लाय' येतें. पाठांतराशीं आमचें वैर नाहीं. पाढे अवश्य पाठ करावेत, कारण सात चोक अठ्ठावीस हें शिरूर कासारांतहि खरें व लंडनांतहि खरें. 'ड्रॉट म्हणजे दुष्काळ' हें तसें नाहीं. कायद्याच्या आणि शास्त्राच्या परिभाषेंत एका संज्ञेस एकच प्रतिशब्द लागतो, तेथें कोश-मंडळांनीं तो ठरवावा. पण मुलाची भाषा म्हणजे कांहीं कायद्याचें कलम नव्हे.

तिसरा आक्षेप सर्वांत बळकट, आणि तो आम्हांस एका शिक्षकांनींच, थोडेसे रागावून, ऐकविला. "तुमच्या घरीं इंग्रजी वर्तमानपत्र येतें, मुलांस इंग्रजी चित्रपट दिसतात. आमच्या पोरांना वहीशिवाय दुसरी शिडी कोणती? तीहि काढून घेतां काय?" या प्रश्नांतील कळवळ्यापुढें आम्ही नम्र आहों. परंतु शिडी आहे कीं शिडीचें चित्र आहे हें पाहिलें पाहिजे. दसऱ्यानंतर आईबापांबरोबर फडावर गेलेल्या मुलाचा हिशेब करून पहा. रोज दहा शब्द धरले तर पांच महिन्यांत तो हजाराहून अधिक शब्द मागें पडतो. परत आल्यावर वही त्याला कधींच गांठतां येत नाहीं, आणि इंग्रजी हा विषय त्याच्यापुरता तेथेंच संपतो. वहीची शिडी ही जो घरीं राहील त्याचीच आहे. ज्याच्यासाठीं ती राखून ठेवावी असें गुरुजी म्हणतात, त्याचा पाय तिच्या पहिल्या पायरीस देखील लागत नाहीं. उलट जो शब्द वस्तूच्या आणि कामाच्या आधारानें शिकविला असेल तो मुलाबरोबर फडावर जातो, कारण ती वस्तु आणि तें काम तेथेंहि असतें.

सन २००० पासून महाराष्ट्रांत मराठी शाळांतून पहिलीपासून इंग्रजी आहे. तत्पूर्वीं तें पांचवीपासून होतें. आरंभ चार वर्षें अलीकडे आला, पण पुष्कळ वर्गांतून चार वर्षें अलीकडे आली ती वहीच. २०२५ सालीं पहिलीपासून तिसरी भाषा शिकवावी कीं नाहीं यावरून राज्यांत केवढें रण माजलें. निर्णय निघाले आणि जूनअखेर मागेंहि घेतले गेले. कोणती भाषा, किती भाषा, कोणत्या इयत्तेपासून, यावर सभा झाल्या, मोर्चे ठरले. कशी शिकवावी, हा प्रश्न त्या गर्दींत कोणीं विचारल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

आमच्या सुशिक्षित वाचकांस येथें एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. शिरूर कासारची वही शिरूर कासारांत जन्मलेली नाहीं. ती बीडहून आली, बीडला ती छत्रपति संभाजीनगराहून आली, आणि तेथें ती आपल्या घरांतून गेली. सायंकाळीं मुलास पुढ्यांत बसवून "सांग पाहूं, अमक्याचा अर्थ काय?" असें विचारणारे आणि एका शब्दांत उत्तर मिळतांच मान डोलविणारे पहिले पालक आपण. आपल्या मुलांचें त्यानें फारसें अडलें नाहीं, कारण वहीबाहेर त्यांना इंग्रजी मिळण्याच्या शंभर वाटा होत्या. म्हणून वही निरुपद्रवी आहे असें आपणांस वाटत राहिलें, आणि ज्यांना एकच वाट होती त्यांना आपण वहीच दाखविली. इंग्रजीला वाघिणीचें दूध म्हणण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. दूध आपण प्यालों आणि पेल्यावरची चिठ्ठी तेवढी खालीं पाठविली.

मग करावें काय? नवी योजना नको, नवें खातें नको. वहींतला तिसरा रकाना खोडावा आणि त्या जागीं मुलाला विचारावें, "तुमच्या घरीं याला काय म्हणतात? हें कोठें दिसतें? यासारखें पण याहून निराळें काय आहे?" ब्रॉन्झला कोणी कांसें म्हणेल, कोणी वाटी म्हणेल, कोणी शाळेंतली घंटा दाखवील, आणि ती काशाची कीं पितळेची यावर वर्गांत भांडण जुंपलें तर तेंहि इष्टच. दुष्काळाला 'ड्रॉट' म्हणावें कीं 'फॅमिन' हें म्हाताऱ्या आजोबांना विचारून यावें, असें सांगावें. या पद्धतीनें आठवड्यास साठ शब्द होणार नाहींत, सहा होतील, हें आम्हांस मान्य आहे.

ते सहा शब्द कोणते घ्यावेत याविषयीं मात्र आमचा आग्रह आहे. ऊस मोजून घेतांना वजनकांट्यावरची जी चिठ्ठी निघते तिच्यावर बहुधा इंग्रजींत तीन शब्द छापलेले असतात: ग्रॉस, टेअर, नेट. भरल्या गाडीचें वजन, रिकाम्या गाडीचें वजन, आणि दोहोंची वजाबाकी जाऊन राहिलेला निव्वळ ऊस. तोडणीची मजुरी टनावर मिळते, म्हणजे या तिसऱ्या शब्दापुढील आंकड्यावर त्या कुटुंबाची उचल फिटावयाची असते. आम्हीं पाहिलेल्या वहींत 'नेट' हा शब्द होता. त्याचा अर्थ दिला होता 'जाळें'.